कळीचा चुना

राजूरच्या चुनाभट्टीवर रात्रपाळीला असलेला
लटारी निखाडे पहिल्यांदा बोलला तेव्हा मी हसलो होतो.
"मास्तर, हे धरती म्हंजे इझलेला तारा हाये.
तुमी पोट्ट्यायले उलटं शिकोता."

मी शिकवतो ते असं:
आधी धूळ होती. थंड, कुणाचीच नसलेली.
स्वतःभोवती फिरता फिरता ती आत कोसळली,
मधोमध सूर्य पेटला
आणि उरल्यासुरल्यातून ग्रह वळले गेले,
भाकरी थापून झाल्यावर
परातीत राहतात तशा पिठाच्या गोळ्या.
पान त्रेपन्न. आकृतीत रंग भरा.

लटारीच्या आभाळात उरलंसुरलं काही नाही.
तिथं प्रत्येक ग्रह एकेकाळी
आपल्या उजेडाचा मालक होता.
आधी पांढरा, मग पिवळा, मग तांबूस,
भट्टी उतरते तसा.
मग वर साय. सायीची खपली. खपलीचा दगड.
दगडावर केव्हातरी शेवाळ, माती, तुरीचं शेत,
आणि तुरीच्या धुऱ्यावर बसून
तंबाखू मळणारा लटारी,
अंगठ्याच्या नखावर चुना.

"गुरू पाहा. थो मधातच हाये,
धड इझला नाई, धड पेटत नाई.
चांद तं कवाचाच राखड."

मी वजन काढलं. वजन हे माझं हत्यार.
एका सूर्याच्या वजनात
सव्वातीन लाखांवर पृथ्व्या बसतात, लटारी.
बाकीचं गेलं कुठं?

तो बाजूला थुंकला.
"शंभर किलो गोटा वरून टाकतो.
खालून छप्पन किलो चुना निंगते.
चव्वेचाळीस कुठी गेला?
माहा बाप म्हने, देव खाते. तुमी सांगा."

मला माहीत होतं. समीकरण माहीत होतं, बाणासकट.
मी म्हणालो, धूर.

"मंग ताऱ्याले धूर नसते का?"

भट्टीची धग गालाच्या एकाच बाजूला लागत होती.
वर आभाळातलं खाटलं कललेलं,
त्याचे तिन्ही चोर पळायच्या बेतात.
मी घड्याळ पाहिलं, सायकल काढली,
आणि चुकीच्या माणसाकडून हरल्यासारखा
घाट उतरून आलो.

सहामाहीच्या पेपरात वनिता कुळसंगेनं लिहिलं:
'ग्रह म्हणजे म्हातारा तारा.
तो दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरतो
कारण त्याला आता ऊब लागते.'
दोनपैकी अर्धा दिला. खोडला.
तिला बोलावून पान त्रेपन्न वाचायला लावलं.
तिनं ते न अडखळता वाचलं, मग विचारलं,
"सर, पण धूळ कुठून आली?"

जुन्या ताऱ्यांची, मी म्हणालो.
फुटलेल्या, विझलेल्या.

तिनं पुस्तक मिटलं.
काही बोलली नाही.
पेपर मात्र माझ्या हातातच राहिला,
खोडलेल्या अर्ध्यावर लाल शाई फुटलेली.

दिवाळीआधी शाळेच्या भिंतींना चुना द्यायचा ठरला.
लटारीनं पोतंभर कळी पाठवली, पैसे न घेता,
आणि सोबत निरोप: हात लावून पाहा म्हना, मंग पानी टाका.

लावला. गार होती.
नदीतल्या गोट्याहूनही गार, पांढरी, मुकी.
गड्यानं टाक्यात ती ओतली, वरून दोन बादल्या पाणी.
क्षणभर काहीच नाही.
मग एक ढेकूळ तडकलं, दुसरं फुललं,
टाकं खदखदायला लागलं,
वाफेचा लोट व्हरांड्यापर्यंत आला,
पोरं ओरडत मागं सरली.

मी मोठ्यानं सांगत होतो, उष्णतादायी अभिक्रिया, लिहून घ्या,
लिहून घ्या.

वनिता वाफेत हात धरून उभी होती.